देवराईतली सरळ रेघ

देवराईत शिरताना सोमाजी कोयता फडक्यात गुंडाळायचा. आहुपे गावात सगळेच गुंडाळतात. देवाच्या रानात उघडं पातं न्यायचं नाही, रेडिओ वाजवायचा नाही, कुणाला हाक मारायची नाही. पलीकडे बाहेर पडलं की फडकं सोडायचं. हात आपोआप चालायचे.

घरी भाताची चार खाचरं होती, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व्हायची. शनिवार-रविवारी पुण्याकडून डोंगर हिंडायला येणाऱ्यांना सोमाजी देवराईतून कोकणात उतरणारी वाट दाखवायचा. त्याची बायको सोनीबाई त्यांच्या भाकऱ्या थापायची.

२००३ च्या दिवाळीनंतर ऋषी आला. कंपनीतला इंजिनिअर, दर हिवाळ्यात यायचा. या वेळी त्याच्याकडे हातात मावणारं जीपीएस यंत्र होतं. जुना सरकारी नकाशा स्कॅन करून, देऊळ, तळं, डोंगराचं टोक अशा खुणा जुळवून, त्याने तो लॅपटॉपमध्ये भरला होता. त्यात उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा होत्या. विरळ तिथे उतार, दाट तिथे कडा.

"पण तुमची वाट यात नाही, काका," तो म्हणाला. "हे यंत्र गळ्यात घालून एकदा खाली जाऊन या. चालाल तशी रेघ उमटेल. फक्त हे बटण दाबू नका, बंद पडेल."

"गळ्यात लोढणं बांधल्यावानी दिसताय," सोनीबाई म्हणाली.

देवराईच्या तोंडाशी सोमाजीने कोयता गुंडाळला. छातीवर यंत्राचा पडदा उजळलेला होता. देवाच्या रानात हेही उघडं न्यायचं नाही म्हणून त्याने बटण दाबलं. पलीकडे गेल्यावर फडकं सोडलं आणि बटण पुन्हा दाबलं.

संध्याकाळी ऋषीने ओट्यावर बसून वायरने यंत्र लॅपटॉपला जोडलं. नकाशावर तांबडी रेघ आली. सोनीबाई पिठाच्या हातांनीच वाकून बघत होती.

"आवं, ही रेघ हितं येवडी सरळ कशी? देवाच्या रानात वाट घळीला वळसा घालती की."

"यंत्राला आपल्यापरीस जास्ती कळतं," सोमाजी घाईने म्हणाला. "तू तव्याकडं बघ, भाकर करपली."

बटणाचं ऋषीला सांगायची त्याला लाज वाटली. ऋषीचं लक्ष नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती आणि गावात वीज नव्हती. यंत्र बंद झालं तिथून चालू झालं तिथपर्यंत त्या रेघेने सरळ घळ ओलांडली होती.

ऋषीने त्या रेघेची फाईल मित्रांना दिली, मित्रांनी आणखी मित्रांना. पुढच्या हिवाळ्यात लोक सोमाजीच्या दारावरून न थांबताच जाऊ लागले.

"वाट यंत्र दावतंय," सोनीबाई म्हणाली, "आता भाकर बी तेच थापंल."

एका धुक्याच्या सकाळी घळीतून ओरडणं ऐकू आलं. सोमाजी धावला. डोंगर हिंडायला आलेल्या तिघांतला एकजण खाली कपारीत पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. गावच्या चौघांना घेऊन सोमाजीने त्याला घोंगडीच्या डोलीतून वर आणलं. सोबतची हर्षाली नावाची मुलगी रडत यंत्र पुढे करत होती. "काका, आम्ही रेघेवरच होतो. बघा ना."

सोमाजीने बघितलं. त्याचीच रेघ होती.

त्या दिवशी तो जेवला नाही. सोनीबाईने ताट झाकून ठेवलं.

"त्या दिशी रानात यंत्र बंद केलं व्हतं न्हवं?"

त्याने होय अशी मान हलवली.

"आन मला तव्याकडं बघाया सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी एसटीने घोडेगावला जाऊन त्याने ऋषीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऋषी दोन दिवसांत आला. म्हणाला, परत चालून या. या वेळी बंद करू नका.

सोमाजी उंबऱ्यातच घुटमळला. सोनीबाईने त्याच्या हातात नारळ दिला. "ह्यो आधी फोडा. चूक माणसाची हाय, देव समजून घेईल. न्हाई घेतलं तर मी भांडीन."

गुंडाळलेला कोयता काखेत आणि उजळलेलं यंत्र गळ्यात, असा तो देवाच्या रानातून मान खाली घालून गेला.

संध्याकाळी रेघ पुन्हा सरळच आली.

"झाडी फार दाट आहे," ऋषी कपाळ चोळत म्हणाला. "आभाळ दिसत नाही तिथे यंत्र आंधळं होतं." मग सोमाजी सांगत गेला आणि ऋषीने वळसा हाताने काढला. "ही नवीन फाईल मी सगळ्यांना पाठवतो."

"आन जुनी?"

"ती कुणाकुणाकडे गेली, मलाही माहीत नाही, काका."

तेव्हापासून दर शनिवारी, रविवारी सोमाजी देवराईत, वाट वळते तिथल्या दगडावर बसतो. खाचराची बांधबंदिस्ती तशीच राहिली आहे. चुकणाऱ्याला लांबून हाक मारता येत नाही, म्हणून उठून आडवं जावं लागतं.

परवा सोनीबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा दोन तरुण यंत्रात डोकं घालून सरळ येत होते. सोमाजी हात पसरून उभा होता.

"बाजूला व्हा ना, बाबा. वाट इकडूनच आहे," एकजण म्हणाला.

सोमाजीने नाही अशी मान हलवली. दुसरा त्याला वळसा घालून पुढे निघाला. सोनीबाईने भाकरीचं फडकं दगडावर ठेवलं आणि त्या तरुणापुढे जाऊन तीही हात पसरून उभी राहिली.