दादांचा फोटो नेमका कुठे लावावा

आता ही फजिती कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? तोंडाचाच तर सगळा घोळ आहे! आधी चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल.

तर मी एके काळी सायकलपटू. राज्य पातळीवरचा, बरं का! एकही रेस जिंकलो नाही, ती गोष्ट वेगळी. कायम दुसरा. दुसरा म्हणजे काय, तर तासन्‌तास पुढच्याच्या चड्डीवर नजर ठेवून पेडल मारायचं. लोकांना प्रवासात डोंगर-नद्या दिसतात, मला हे दिसलं.

पुढे गुडघा कुरकुरायला लागला, सायकल सुटली आणि मी खेळाच्या कपड्यांचा धंदा काढला. उद्योजक झालो! कारखाना कुठे, तर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे मी आणि आमचे शिंपी मास्टर मिळून खेळाडूंपेक्षा जास्त घाम गाळायचो.

दुकान हवं होतं आमच्या उज्जैनच्या भर बाजारात, फ्रीगंजात. टावर चौकाजवळ मोक्याची जागा कोणाची? सासऱ्यांची! खाली त्यांचं मिठाईचं दुकान, वरचा मजला रिकामा. त्या मजल्यावर माझा लग्नाआधीपासून डोळा. हे माझ्या बायकोला, मंजिरीला, सांगू नका.

एक दिवस सासरे म्हणाले, “जावईबापू, दुकानातर्फे सायकल रेस ठेवतोय. कपडे तुम्ही करा. काम पसंत पडलं तर वरचा मजला तुमचा. फक्त दादांचा फोटो असा लावा, की सगळ्यांना दिसला पाहिजे.”

दादा म्हणजे सासऱ्यांचे स्वर्गवासी वडील. पगडी, मिशा, कपाळाला आठी. पेढ्याच्या प्रत्येक डब्यावर तेच. रोज सकाळी सासरे चपला काढून त्या फोटोला हात जोडतात, मगच गल्ल्यावर बसतात.

दुसऱ्या कोणी फोटो सरळ छातीवर छापला असता. पण मी पडलो एक्सपर्ट! सायकलवर माणूस वाकला की छाती कोणाला दिसते? रस्त्याला! पाठीवर नंबर. मग मागच्याला अख्खी रेस काय दिसतं? हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं हो?

मी दादांना चड्डीवर बसवलं. मागून, मधोमध.

मास्टर घाबरत म्हणाले, “भिया, बुजुर्ग आदमी हैं... यहाँ?”

“मास्टर, आप सिलाई देखो. मार्केटिंग मैं देखता हूँ.”

मंजिरी म्हणाली, “अरे, बाबांना एकदा दाखवून तरी घे.”

“त्यांना बर्फी कळते, सायकल मला कळते. सरप्राइज आहे!”

रेसच्या सकाळी पोरं रांगेत उभी, तोंडं सासऱ्यांकडे. सासरे हातात झेंडा घेऊन अस्वस्थ. “दादा कुठे दिसत नाहीत ते?”

“बाबा, तुम्ही झेंडा तर दाखवा. सगळ्या उज्जैनला दिसतील!”

हा शब्द मात्र मी पाळला.

झेंडा पडला, पोरं सासऱ्यांसमोरून पुढे गेली आणि वाकली. जिकडे तिकडे दादाच दादा! कापड ताणलेलं, म्हणून दादांचे गाल टम्म फुगलेले. डावं पेडल मारलं की डावा डोळा बारीक, उजवं मारलं की उजवा. हयातभर घरात कोणाशी हसून बोलले नाहीत ते दादा, भर टावर चौकात डोळे मिचकावत चालले होते!

सासऱ्यांनी सवयीने चपला काढल्या, हात जोडले. मग आपण कशाला हात जोडलेत ते लक्षात आलं. हात तसेच राहिले बिचारे.

बरं, सरळ रस्त्याची रेस असती तर दादा एकदाच गेले असते. आमची रेस फेऱ्यांची! जरा निवांत वाटलं की दादा परत हजर. पब्लिक ओरडतेय, “अरे देखो, दादाजी फिर आ गए!” कोणीतरी तर, “दादाजी, आँख मत मारो!”

मला अक्षरशः रडू येत होतं. वरचा मजला गेला, कदाचित खालची बायकोसुद्धा.

कळस झाला बक्षिसाला. जिंकलेला पोरगा मोठा संस्कारी. स्टेजवर चढला आणि पब्लिककडे पाठ करून सासऱ्यांच्या पाया पडायला खाली वाकला. समोर पहिल्याच रांगेत आमच्या सासूबाई! या माउलीने दादा होते तोवर त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. त्यांनी समोर बघितलं आणि झटकन पदर डोक्यावर घेतला!

संध्याकाळी बोलावणं आलं. मी मान खाली घालून उभा.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “वरचा मजला घ्या.”

“बाबा!”

“थांबा. सकाळपासून अर्धं फ्रीगंज विचारतंय, ही चड्डी कुठे मिळते. चड्डी चालणार. पण दादा तिथून उतरतील.”

“आत्ता उतरवतो!”

“आणि त्या जागी तुमचा फोटो लागेल. ही अट.”

काय करता? मजला तो मजला! मी हो म्हणालो. या वेळी मास्टरांनी काहीही विचारलं नाही. फोटो लावला, लांबून बघितला आणि म्हणाले, “भिया, बिलकुल सही जगह है.”

आज धंदा जोरात आहे, देवास-इंदूरपर्यंत माल जातो. रेसमध्ये जन्मभर माझं तोंड ज्या जागेच्या मागे होतं, आता ते थेट त्या जागेवर आहे. एवढीच काय ती माझी प्रगती!