साडूंची वीजबचत

अख्ख्या पुण्यात माझ्या साडूंइतका आगंतुक माणूस नसेल आणि त्यांच्याइतका उपयोगाचाही नसेल. दुर्दैवाने दोन्ही गुण ते एकाच भेटीत दाखवतात. हडपसरच्या एका कारखान्यातून विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झाल्यापासून ते सेवाभावी संस्थांच्या इमारतींमधली वीज वाचवत फिरतात. फुकट. वाचनालय, बालवाडी, वसतिगृह. बोलावण्याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो. कुठेही शिरले की यजमानांच्या आधी छताकडे पाहतात. एकदा नात्यातले एक काका वारले म्हणून काकूंच्या सांत्वनाला गेलो, तर साडू पाच मिनिटं गंभीर बसून म्हणाले, "हा पंखा फार वीज खातो." "ह्यांनीच आणला होता," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तरीच," साडू म्हणाले. त्यानंतर त्या घरी आम्हाला चहा मिळालेला नाही. चुकीचा आकडा मला पाहवत नाही, हे त्यांनी ओळखलंय; म्हणून त्यांच्या सगळ्या नोंदी माझ्या गळ्यात.

गेल्या वर्षी कात्रजकडच्या एका वृद्धाश्रमाची पाळी आली. वरच्या मजल्यावर नऊ आज्या राहत. स्लॅब तापायचा, दिवसभर कूलर चालायचे. सचिवांनी ठरवलं होतं, की तीन महिन्यांत विजेचा वापर चौथ्या हिश्श्याने उतरला नाही, तर वरचा मजला बंद करायचा आणि नऊ जणींना दोन वेगवेगळ्या संस्थांत पाठवायचं. एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असलेल्या बायका त्या! साडूंनी अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांना पट्टे बांधून गच्चीवर स्वतः पांढरा चुना फासला. गच्चीखालच्या खोल्यांचं तापमान चार अंशांनी उतरलं. मी तीन वेळा मोजलं. मग कमी विजेचे पंखे आले. इथे थांबायला हवं होतं. पण थांबले तर ते साडू कसले? बसायच्या खोलीत त्यांनी हालचाल दिसली की लागणारे आणि थांबली की विझणारे दिवे बसवले. कारखान्यात उत्तम चालले होते म्हणे. कारखान्यात कोणी डोळे मिटून जपमाळ ओढत नसतं, एवढाच फरक. संध्याकाळी आज्या जपाला बसल्या आणि दोन मिनिटांत अंधार.

"अहो इंजिनियर," सगळ्यांत थोरल्या आजी अंधारातून म्हणाल्या, "आम्ही अजून आहोत, एवढं कळवा तुमच्या दिव्याला."

"आजी, जरा हात हलवत राहा."

"साठ वर्षं हलवले. आता बसू द्याल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडू शिडी घेऊन हजर झाले आणि खोलीत साधे दिवे लावून गेले. त्याने वापर किती वाढेल, हे मी सांगू लागलो, तर म्हणाले, "गप्प बसा हो." तिसऱ्या महिन्याअखेर आकडा जेमतेम सचिवांच्या अटीत बसला. मजला राहिला.

परवा पुन्हा मीटर पाहायला गेलो. वापर आणखी थोडा उतरला होता. मी खूश होऊन आकडा लिहू लागलो. साडू मात्र वर जाऊन आले होते. खिडकीजवळची, थोरल्या आजींची खाट रिकामी होती.

"ही बचत आपली धरू नका," ते म्हणाले.

मी तेवढे युनिट वजा केले. तो आकडा मी पुन्हा तपासलेला नाही.