साडूभाऊ आणि नवे पत्ते

कामरगावात ज्याच्या घरी इंटरनेट चालतं, त्यानं दिवसातून एकदा तरी आमच्या साडूभाऊंची आठवण काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वांग्या-मिरचीच्या वाडीतल्या एका खोलीतून ते गावाला इंटरनेट पुरवतात. राउटरच्या खोलीत चप्पल काढून, हात धुऊन जायचं, हा त्यांचा नियम. राउटरला द्यायची प्रत्येक आज्ञा आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची, मोठ्यानं वाचायची आणि मगच एका बोटानं टाइप करायची. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीची चौकशी करतात, तर हे यजमानाला विचारतात, "नेट अडकून तं नाई ना राह्यलं?"

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो; मागच्या वर्षी आमच्याकडे त्याचे नवे, लांबलचक पत्ते आले. ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घेतात, तिच्या राउटरशी साडूभाऊंनी जोडणी केली. जुने पत्ते धावत होते, नवे मात्र हलेनात. नेमकं गावातल्या वैशालीच्या ऑफिसचं काम नव्या पत्त्यांवर गेलं होतं. सोमवारपर्यंत जमलं नाही तर तिला पुण्याला जावं लागणार होतं, आणि घरी वडील अंथरुणावर. कंपनीच्या इंजिनीअरनं फोनवर सांगून टाकलं की दोष तुमच्या वायरमध्ये आहे. सगळ्यांनी ते मानलं, मीसुद्धा. साडूभाऊंनी मानलं नाही. त्याच वायरीतून जुने पत्ते कसे जातात, एवढंच त्यांनी मला विचारलं आणि दोन दिवस कॅलेंडरं पसरून बसले.

शनिवारी सकाळी त्यांनी इंजिनीअरला फोन लावला आणि तिकडच्या राउटरची एकेक ओळ वाचून दाखवायची विनंती केली. तो कुरकुरत वाचू लागला. मधेच साडूभाऊ म्हणाले, "साहेब, शेजारी म्हणून माह्या राउटरचं नाव लिवलं तुमी. पन नव्या पत्त्यांसाठी त्याले चालू कराची वेगळी ओळ लागते. ते कुठी हाये?"

इंजिनीअरनं ती ओळ टाकली आणि नवे पत्तेही धावू लागले. हे कुठे शिकलात, असं त्यानं विचारलं.

"वाचून," साडूभाऊ म्हणाले. "इथं सांगाले कोन येते?"

सोमवारी वैशाली घरूनच कामाला बसली. तिच्या वडिलांनी खाटेवरूनच साडूभाऊंना हात जोडले. परतताना मी अभिमानानं म्हणालो की तुम्ही पुण्यात मोठे इंजिनीअर झाला असता.

"मंग इथं कोन राह्यलं असतं?" ते हसून म्हणाले. वाडीत पोचताच त्यांनी चप्पल काढली, हात धुतले आणि राउटरच्या खोलीत गेले.