नाना डगमगला नाही म्हणे

नाना गेल्याचा त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या बाजारात भाजी घेत होतो. "पोटाचा कॅन्सर होता, काका. वर्ष झालं." वर्ष! आणि आदल्याच रविवारी हा गडी माझ्या ओट्यावर बसून गप्पा हाणून गेला होता...

आम्ही दोघांनी एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं. नानाचा एक लाडका शब्द होता, अनफेझ्ड. मुलं तो बेफिकीर माणसाला लावत, की नाना खडू आपटायचा. "अरे, बेफिकिराला कशाचंच काही नसतं! आधी धक्का बसायला हवा. तो बसूनही जो डगमगत नाही, तो अनफेझ्ड. आणि कशाने डगमगला नाही, तेही पुढे लिहा." त्याच्या निवृत्तीच्या समारंभात मी तोच शब्द त्याला लावला. केवढा खूश झाला होता!

गेल्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, कळण्याची पुरी. जेवता जेवता नानाच्या डोळ्यांना धार लागली. "मिरची लागली रे," म्हणाला. खानदेशातल्या माणसाला मिरची लागते? आम्ही पोट धरून हसलो. हिवाळाभर मी त्याला 'पुणेकर' म्हणून चिडवलं आणि तोही हसत राहिला. मला बनवलं त्याने, दुसरं काय! एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि एका शब्दानं सांगितलं नाही. राग येतो. गेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण येतो.

दहाव्यानंतर धुळ्याला त्याच्या बहिणीकडे, अक्कांकडे गेलो. नाना तिथे सारखा जायचा. अक्काचे गुडघे दुखतात, असं मला सांगायचा. अक्का तर ठणठणीत! त्यांनी मला खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं.

"आठेच बसीसन रडे तो," त्या खाटेकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मराले खूप घाबरे. बठ्ठं माले सांगे."

म्हणजे रडायला धुळे, आणि हसायला मी. खाटेची दोरी एका बाजूला सैल पडली होती, तिथेच मी बसलो होतो. अक्कांनी चहाचा कप हातात दिला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ, तू तं त्याना जिवाभावाना दोस्त. तुले तं बठ्ठं माहीत व्हतं ना?"

"हो अक्का," मी म्हणालो, "सगळं माहीत होतं." आणि चहा संपवला.