दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

कागद गिरणी बंद होऊन अठरा वर्षं झाली, पण तिच्या फाटकवाल्याची नजर काही निवृत्त झाली नाही. गाव त्यांना झडतीदादा म्हणे, अर्थात पाठीमागे. दुकानातून कुणी पिशवी घेऊन निघालं की दादांची मान आपोआप पिशवीकडे वळे.

आता गावात पाहुणे येत. मागच्या जंगलात भटकायचं, पुढच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखायची आणि मधल्या वेळात बंद गिरणी पाहायची. गिरणीची किल्ली दादांकडेच होती, आणि त्यांची बायको, गावाच्या काकू, घरातली पुढची खोली पाहुण्यांना देत.

त्या आठवड्यात आलेली मुलगी काही दादांना पटेना. एकटीच आलेली. जंगलात गेली नाही, वाइन नको म्हणाली. सारखी गिरणीबद्दल विचारी.

"अहो, देवाने धाडलेला पाहुणा. तिच्या बॅगेकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या.

"बघत नाही. दिसतंय."

"तीस वर्षं दिसतच होतं तुम्हाला. त्यात माझा भाऊ गेला."

भाऊ जिवंत होता, दोन गल्ल्या सोडून राहत होता. पण या घरात येत नव्हता. गिरणीच्या फाटकाशी पितळी बिल्ल्यांचा फळा होता. आत जाताना आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, सुटताना खिळ्याला टांगायचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी टांगले, तरी एक खिळा रिकामा राहिला. दोनशे चौदा, मेहुण्याचा. टांगला, म्हणून तो शपथेवर सांगत होता.

"मी फाटक क्षणभर सोडलं नाही," दादा म्हणाले होते. "मग बिल्ल्याला पाय फुटले?" आणि सगळ्यांदेखत त्यांनी मेहुण्याचे खिसे उलटे केले होते. तेव्हापासून काकू रोज देवाकडे एकच मागत, भावाचं पाऊल एकदा घराला लागू दे.

तिसऱ्या सकाळी मुलगी म्हणाली, "काका, गिरणी एकटीनं पाहू?"

दादांच्या कपाळावर आठी पडली. किल्ली फिरवून ते दारातच उभे राहिले. मुलगी फळ्यापुढे बराच वेळ पाठमोरी थांबली. तिची मूठ मिटलेली होती. बाहेर येताच दादा म्हणाले, "पिशवी उघडा."

तिनं निमूट उघडली. पाण्याची बाटली, कंगवा, अर्धं सफरचंद. दादांचं समाधान होईना. ती गेल्यावर ते आत शिरले आणि रांगेवर बोट ठेवून रिकामा खिळा शोधू लागले. एकही सापडला नाही. जो अठरा वर्षं रिकामा होता, तोसुद्धा नाही. बाकीचे बिल्ले काळवंडलेले, हा मात्र हातानं घासून घासून चकचकीत.

दादा धापा टाकत घरी आले. "तो बिल्ला कुठला?"

मुलगी बॅग भरता भरता थांबली. "आजोबांचा. लगद्याच्या हौदावर होते. सव्वीस वर्षं त्यांचा नंबर दोनशे चौदा. निवृत्त झाले तेव्हा तो दुसऱ्याला मिळाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गिरणीला भेटायला आले, तर फाटकावर कुणी नव्हतं. स्टुलावर टेकले, आपला नंबर दिसला, खिशात घातला. मागच्या महिन्यात गेले. म्हणाले, गुपचूप टांगून ये. फाटकवाला प्रामाणिक माणूस, त्याला कळलं तर जिवाला लागेल."

त्या दिवशी कँटीनमध्ये शेवटचा चहा फुकट होता. दादा पेला आणायला गेले होते. पाच मिनिटं. ती त्यांनी कधी धरलीच नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी फक्त गॅस बंद केला.

दादांनी गिरणीत जाऊन बिल्ला काढला आणि थेट मेहुण्याचं दार गाठलं. मेहुणा हल्ली वाइनची पिंपं धुई. हात कोपरापर्यंत जांभळे होते.

"काय दाजी? आता काय हरवलं?"

दादांनी दोन्ही हात वर केले. "माझी झडती घे."

मेहुण्यानं खिशात हात घातला. बिल्ला निघाला.

"चहा आणायला गेलो होतो," दादा म्हणाले. "फाटक सोडून. म्हाताऱ्या हौदवाल्यानं तेवढ्यात नेला. तू खरं बोलत होतास."

मेहुण्यानं आकड्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या खिशात हात घातला.

"तो रिकामाय रे."

"असू दे. नीट बघू दे." त्यानं खिसा पार उलटा केला, मग चपला शोधू लागला. "ताईकडे चहा असेल ना? की तोही फाटक सोडून आणायचा?"