मासळीचा तवा आणि माझी समीकरणं

मासे मी कधी खाल्ले नाहीत. माहेर माळकरी, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. आणि तरी माझी डॉक्टरेट माशांवर आहे. हे वाक्य मी लग्नांत, बारशांत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये इतक्यांदा बोलले आहे की आता माझा मलाच वैताग येतो. पुढचे प्रश्नही ठरलेले. "म्हणजे मत्स्यपालन का?" नाही. "मग मासे कापून बघता?" नाही हो बाई, मी मासा हातातसुद्धा धरलेला नाही. मी गणितवाली. धरणात मासे किती असतील, किती धरले तर पुढच्या वर्षाला पुरेसे उरतील, याची समीकरणं मांडते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो.

डॉक्टरेट झाली आणि मी पोस्ट-डॉकच्या जागा शोधायला लागले, तेव्हा तर समजावता समजावता नाकी नऊ आले. नोकरी आहे, पण कायमची नाही. अभ्यास आहे, पण पदवी मिळत नाही. दोनतीन वर्षं एखाद्या मोठ्या संस्थेत काम करायचं, शोधनिबंध छापायचे, मग कुठे प्राध्यापकाच्या जागेसाठी आपलं नाव कोणी वाचणार. माझी एक मावशी भेटली की विचारायची, "अजून शिकतेसच का गं?" जणू मी नापास होऊन त्याच वर्गात बसलेय.

आणि जागा तरी कुठे होत्या? जीवशास्त्रवाल्यांना मी गणिताची वाटायचे, गणितवाल्यांना मासळीबाजारातली. अर्जांमागून अर्ज गेले. काहींचं "क्षमस्व" आलं, काहींचं तेही नाही. बऱ्याच ठिकाणी वयाची अट असते, ती माझ्या मानेवर येऊन बसली होती. अशात परदेशातल्या एका समुद्रकाठच्या संस्थेकडून बोलावणं आलं. त्यांना मासेमारीचा हिशेब करणारं गणिताचं माणूस हवं होतं. व्हिडिओवर मुलाखत, आधी माझ्या संशोधनावर भाषण. अगदी माझ्याच मापाची जागा! ही गेली तर अशी पुन्हा कधी निघेल, सांगता येत नव्हतं.

भाषण कशावर करायचं हा प्रश्नच नव्हता. माझ्या प्रबंधाची सगळी शान एका गोष्टीत होती, आणि त्या गोष्टीला मी 'उशीर' म्हणायचे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून धरणांत मासेमारीला बंदी असते. ऑगस्टात बंदी उठली की जाळी भरून यायला हवीत. पण इगतपुरीकडच्या धरणांचे आकडे पाहिले तर तसं होत नव्हतं. बंदी उठूनही कितीतरी दिवस मासळी जेमतेमच यायची आणि मग एकदम वाढायची. हा उशीर दर वर्षी वेगळा. कधी थोडा, कधी लांबलचक. मी त्यावर पाऊस, पाण्याचं तापमान, पिल्लांची वाढ असं काय काय लावून एक भलंमोठं समीकरण बसवलं. निष्कर्ष असा, की माशांना सावरायला जास्त वेळ लागतोय. शेवटच्या प्रकरणात मी शिफारसही करून टाकली होती: बंदी आणखी वाढवावी. एक वर्ष मात्र समीकरणात बसता बसत नव्हतं, त्या वर्षी उशीर फारच लांबला होता. त्याला मी 'अपवाद' म्हणून तळटीप देऊन मोकळी झाले.

माझे मार्गदर्शक बंगाली. त्यांनी प्रबंध वाचून माझी पाठ थोपटली होती.

याच वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न झालं. लग्नालाही उशीरच, पण त्याचं समीकरण कोणी मागितलं नाही. इंदिरानगरमध्ये सासर, घरात आम्ही तिघंच: मी, नवरा आणि सासूबाई. आईंचं माहेर घोटीचं, म्हणजे त्या इगतपुरीच्याच अंगाचं. भात आणि मासे यांवर वाढलेली बाई! पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू माशांची डॉक्टर ना? मग मरळ ताजी हाय का शिळी, कसं वळखायचं सांग बरं." मी फोनवर शोधायला लागले. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. पण मन मोठं. माझ्यासाठी गॅसची एक शेगडी वेगळी ठेवली, भांडी वेगळी ठेवली, आणि मासे करायचे त्या दिवशी खिडक्या सताड उघडून मला म्हणायच्या, "जा, तू आतल्या खोलीत बसून माशांची गणितं कर, आम्ही हितं माशांचं कालवण करतो."

आषाढ संपत आला तसा आईंनी धडाकाच लावला. बंदीच्या दिवसांतही शेततळ्यातले, बाहेरगावचे मासे बाजारात मिळतात. अमावस्येच्या दुपारी तर घरात मासळीचा असा घमघमाट, की मी नाकाला ओढणी लावून भाषणाची तयारी करत होते. मुलाखत पुढच्याच सोमवारी होती. जेवणं झाल्यावर आईंनी हाक मारली, "सूनबाई, जरा स्टूल धर गं."

त्यांच्या हातात मासळीचा तवा होता. लोखंडी, काळाभोर, त्यांच्या सासूच्या वेळचा. राखेनं, चिंचेनं घासून लख्ख केलेला. तो त्यांनी जुन्या धडप्यात गुंडाळला, स्टुलावर चढल्या आणि पोटमाळ्यावर पार मागे सरकवला.

"आता हा गणपती उठल्यावरच खाली यायचा," त्या वरूनच म्हणाल्या. "श्रावण लागतोय. घोटीच्या बाजारातबी उद्यापासून शुकशुकाट. कोण घेतंय मासे!"

मी स्टूल धरून उभी होते. मला माझा 'उशीर' आठवला.

श्रावण पाळतात हे काय मला माहीत नव्हतं? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या माहेरी बाराही महिने श्रावणच. तिथे कोणता तवा वर गेला नाही की खाली आला नाही. श्रावण म्हणजे माझ्यासाठी उपास, साबुदाणा आणि सोमवारची लवकर सुटलेली शाळा. मासळीच्या आकड्यांशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या मेंदूत कधी शिरलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आत जाऊन मी जुनी पंचांगं संगणकावर काढली. श्रावण कधी संपला, गणपती कधी उठले, ते एकेका वर्षासमोर मांडत गेले. माझा उशीर त्यांच्याबरोबर पुढेमागे सरकत होता. श्रावण लवकर आला की उशीर थोडा. उशिरा आला की लांब. आणि ते अपवादाचं वर्ष? त्या वर्षी अधिक श्रावण होता! दोन दोन श्रावण, मग गणपती, मासळीला गिऱ्हाईकच नाही. गिऱ्हाईक नाही तर जाळी कोण टाकणार? मासे कधी कमी झालेच नव्हते. ते पाण्यात मजेत होते. मीच त्यांना कागदावर मारून ठेवलं होतं.

मला रडू कोसळलं. रागही इतका आला, की उशी भिंतीवर फेकून मारली. आई धावत आल्या. मी हुंदके देत सगळं सांगितलं, बंदीचं, उशिराचं, समीकरणाचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मासे हायेत पाण्यात?"

"आहेत."

"धडधाकट हायेत?"

"हो, आई."

"मग मासे जित्ते असताना तू सुतक धरून का बसलीस गं?"

रडता रडता मला हसू फुटलं. पण सोमवार काही टळणार नव्हता.

नवरा बिचारा माझ्याच भल्याचं बोलत होता. "आधी जागा मिळव. दुरुस्ती काय, नंतर करता येईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मार्गदर्शकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "श्रावणात मासा खायचा नाही? मग खायचा कधी?" त्यांच्याकडे तो ऐन हिलसा माशाचा मोसम. माळकऱ्याची पोर आणि बंगाली मास्तर, अशी जोडी जमल्यावर दुसरं काय होणार होतं! शेवटी ते हळूच म्हणाले, "निर्णय तुझा. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्याबरोबर आहे." मला त्यांचा फार आधार वाटला.

माझ्या डोळ्यांसमोरून ती शिफारस जाईना. बंदी वाढवावी! उद्या कुणी खरंच ऐकलं असतं, तर धरणावरच्या माणसांचा गणपतीनंतरचा भरातला धंदा मी बुडवला असता, आणि तोही आपल्याच श्रावणाचा विसर पडला म्हणून. नाही, हे पोटात ठेवून मला भाषण करता येणार नव्हतं.

सोमवारी उपास होता. साबुदाण्याची खिचडी खाऊन मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि पहिल्याच स्लाइडवर सांगितलं, की माझा प्रबंधातला निष्कर्ष चुकला आहे, आणि तो कसा चुकला तेच मी आज सांगणार आहे. समोरच्या चौकटींमध्ये तिघंजण होते. त्यांतल्या एक वयस्कर बाई पुढे वाकल्या. त्यांनी विचारलं, "हा महिना पाळायचा कायदा कुणी केला?" म्हटलं, कायदा नाही, घरोघरी तवा वर जातो. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कायदा आहे, आणि कुणी पाळत नाही." सगळे हसले. मुलाखत संपताना मला हलकं वाटलं, आणि भीतीही तितकीच वाटली.

उत्तर येईना. श्रावण संपला, गणपती बसले, उठले. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली, की आई आता हाक मारतील, स्टूल धर म्हणतील. हाक आली नाही. त्या दिवशी मेथीची भाजी झाली, त्यानंतर पिठलं. मला वाटलं, पितृपक्षाचं काही असेल. नवऱ्याला विचारलं तर तो नजर चुकवायला लागला. दोनदा खडसावल्यावर बोलला, "आईनं नवस केलाय. तुझी जागा झाल्याशिवाय मासा तोंडात घालायचा नाही. तुला सांगू नको म्हणाली."

मी पोटमाळ्याकडे पाहिलं. घोटीची ती बाई, आषाढात माशाचा काटासुद्धा चोखून टाकणारी, माझ्यासाठी पिठलं गिळत होती. आणि हा उशीर कुठल्याही पंचांगात नव्हता.

ईमेल आला तो एका सकाळी, दळण आणायला निघाले होते तेव्हा. क्षमस्व. तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला भावला, पण काम अजून पुरतं उभं राहिलेलं नाही, वगैरे. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. खोटं कशाला सांगू, मी जिन्यात बसून मनसोक्त रडले. नवऱ्याचं ऐकलं असतं तर, हेही मनात येऊन गेलं. मग डोळे पुसले आणि गिरणीऐवजी मासळीबाजार गाठला. मरळ ताजी आहे का, ते विकणाऱ्या मावशींनाच विचारलं आणि घेतली.

घरी येऊन स्टूल ओढलं. आवाज ऐकून आई बाहेर आल्या.

"झालं का गं तुझं?" त्यांचा चेहरा उजळला.

"नाही झालं, आई. नाही म्हणाले." मी तवा खाली घेतला. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, मासे आहेत पाण्यात, सुतक धरू नये. जागाही कुठेतरी असेलच. तुम्ही उपाशी राहिलात तर मला अर्ज लिहायला जीव कुठून येणार?"

"नवस फेडल्याबिगर?"

"माझ्यासाठी बोललेला नवस ना? मग मी सोडवते. पाप लागलं तर मला."

त्यांनी पाट ओढला. पाटावर बसून मला एकेक गोष्ट सांगत राहिल्या, तेल तापू दे, आता उलथ, अगं हळू. मासा मी पहिल्यांदा हातात धरला. थंड, निसरडा, जड. तुकडे तुटले, एक बाजू करपली. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

"मीठ लय झालंय," म्हणाल्या आणि दुसरा तुकडा ओढला.

मी हात धुतले, तरी वास जाईना. तशीच टेबलाशी बसले. वयाची अट नसलेली एक जागा आदल्याच आठवड्यात पाहून ठेवली होती. नवा अर्ज उघडला, आणि संशोधनाच्या माहितीची सुरुवात श्रावणात माळ्यावर जाणाऱ्या तव्यापासून केली.