दाजीने शहर घालून पाहिलं

आमच्या चष्म्याच्या दुकानात पुढे मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि लाकडी आडोशामागे आम्ही तिघं भिंगं घासायचो. पलीकडून दिवसभर मालकांचा एकच प्रश्न ऐकू यायचा, "आता बरं, की आधी बरं?" एक भिंग काढायचे, दुसरं बसवायचे आणि विचारायचे. गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच दिसतंय" म्हणालं, की मालक थांबत. नंबर सापडलेला असे.

तिघांतला मधल्या घासायच्या चाकावरचा दाजी. खरं तर तो तिसऱ्या चाकावर बसणाऱ्या त्याच्या मेहुण्याचा दाजी. पण मेहुणा दिवसभर दाजी, दाजी करायचा, म्हणून सगळं दुकानच त्याला दाजी म्हणू लागलं. मालकसुद्धा. त्याच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात आहे. मला लिहिणं जमत नाही, तेव्हा आठवतं तसं सांगतो.

मेहुणा मोठ्या शहरात गेला आणि वर्षभरात त्याने दाजीसाठी तिथे एका चष्म्याच्या कारखान्यात जागा पाहून ठेवली. पगार इथल्या दुप्पट. दाजीची बायको, आमच्या वहिनी, हरखल्या. दाजी मात्र बिचकला. म्हणाला, दुप्पट म्हणजे नक्की किती ते आधी बघू. पगाराचं भिंग बदलायचं तर बाकी सगळं तेच ठेवायला हवं, नाहीतर फरक कळणार कसा? आणि चार दिवसांची रजा काढून तिथे काम करून पाहायला गेला.

तिथे त्याने इथलाच दिवस जगून पाहिला. सकाळी पेपर, कोपऱ्यावर दाढी, दोनदा बाहेरचा चहा, तेवढंच दूध. आणि दुपारी घरी जेवण, कारण इथे त्याचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथे नव्या कारखान्यातून दोन बस बदलून तो मेहुण्याच्या घरी जेवायला आला, पानावर बसला न बसला तोच उठला आणि तरी कारखान्यात उशिरा पोहोचला. मेहुण्याची हसून हसून पुरेवाट झाली. "दाजी, इथं दुपारी घरी कोण येतं? इथं घर झोपायला असतं."

परत आल्यावर चाक फिरवता फिरवता दाजीने मला सगळं सांगितलं. दाढी दुप्पट, भाडं तिप्पट, कपडे तेवढे स्वस्त. बसचे पैसे धरले तर तो दुप्पट पगार इथल्यापेक्षा जरा खालीच येत होता. ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तो गेला असता तर आडोशामागे मी एकटाच उरलो असतो. हे त्याला बोललो नाही.

त्या दुपारी तो मलाही जेवायला घेऊन गेला. वहिनींना पटवायचं तर बाजूने कोणीतरी हवं होतं. वहिनी शर्टांच्या कॉलरी शिवत बसल्या होत्या. ताटं वाढून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हा सगळा तुमच्या पगाराचा हिशेब झाला," त्या म्हणाल्या. "मी काय तिथं हाताची घडी घालून बसणार होते? शिलाईच्या कारखान्यात बायका हव्यात, भावानं सांगितलंय."

ते दाजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तो म्हणू लागला, पण तिथे मन लागलं नाही, जमिनीवर पाऊल नीट पडत नव्हतं.

"नवा चष्मा घेतलेली माणसं काय म्हणत परत येतात?"

 दुकानात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मालक दाजीकडेच धाडत. तो म्हणाला, "जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणतात."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"पंधरा दिवस घाला, मग बोला."

"तुम्ही तर चार दिवसांतच काढून ठेवलात. तोही जुन्या चष्म्यावर चढवून."

दाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "हिलाच दुकानात बसवायला हवं होतं." मीही हसलो.

महिनाभरात ते गेले. मालकांनी मधल्या चाकावर कापड टाकून ठेवलं. पूर्वी दाजी जेवून येताना वहिनींनी दिलेली वाटी माझ्यासाठी आणायचा, काही ना काही असायचं तिच्यात. ते बंद झालं.

दोनेक वर्षांनी दाजी भेटायला आला. अंगात चांगला शर्ट होता. वहिनींना कारखान्यात आता दहाजणी विचारून काम करतात, असं कौतुकाने सांगत होता. इतक्यात जेवणाची सुट्टी झाली. बोलता बोलता तो उठला, पायात चपला सरकवल्या, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या जुन्या घरात आता दुसरी माणसं राहत होती. परत येऊन तो आपल्या चाकापाशी बसला.

विचारू नये ते मी विचारलं, "दाजी, आता बरं, की आधी बरं?"

तो चाकावरचं कापड सारखं करू लागला. "पैसा बरा उरतो. ही खुशीत आहे, मीपण आहे. फक्त दुपारी ती तिच्या कारखान्यात जेवते, मी माझ्या." मग म्हणाला, "सारखंच दिसतंय."

माझ्या जागी मालक असते तर इथे थांबले असते. मीही पुढे काही विचारलं नाही. डब्याच्या झाकणात अर्धं जेवण काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.